कानाआड

मी साहेबांच्या कानाआड बसणारं यंत्र बोलतोय. दुकानात मला श्रवणयंत्र म्हणत. घरात मी 'कानाचं मशीन' झालो, आणि साहेब चिडले की माझं नाव 'ते लचांड' व्हायचं. ऐकण्यासाठी जन्मलेल्यानं स्वतःच बोलायला लागावं, हे काही बरं लक्षण नव्हे. पण माझ्यावर एक आळ आला, तोही भर चौकशीत, आणि तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून आता न विचारताच सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी संशयी आहे. कुणी गोड बोललं की मला वाटतं, याचं काहीतरी काम असणार. कुणी गप्प बसलं की वाटतं, हा काहीतरी लपवतोय. जन्मतः मी असा नव्हतो. मला असं केलं ते एका बोटानं, आणि ते बोट साहेबांचं.

मला डोळे नाहीत. माणसं मी आवाजावरून ओळखतो, चपलांच्या घासण्यावरून ओळखतो. साहेबांना मात्र मी त्यांच्या कानामागे कातडीखाली उडणाऱ्या शिरेवरून ओळखतो. जीभ खोटं बोलू शकते, ती शीर कधी बोलली नाही.

साहेब न्यायाधीश होते. घरगुती वादांचं न्यायालय त्यांच्याकडे होतं. नवराबायकोची फारकत, पोटगी, मुलं कुणाकडे राहणार, असे सगळे दावे त्यांच्यापुढे यायचे. उजव्या कानानं त्यांना कधीच सोडून दिलं होतं. डाव्यात थोडी धुगधुगी शिल्लक होती, पण ते मानायला तयार नव्हते.

"मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात," हे त्यांचं माझ्या कानी पडलेलं पहिलं वाक्य.

"कोण लोक?" बाईसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं विचारलं.

"सगळेच."

"म्हणजे अख्ख्या जगाचा आवाज गेला आणि तुमचा एकट्याचा कान तेवढा शाबूत राहिला?"

दुकानातला माणूस हसला. त्याला सगळे कानवाला म्हणत. आवाज मऊ, बोटं थंड, आणि घाई कसली ती नाही. त्यानं मला आधीच चालू करून ठेवलं होतं. आता साहेबांच्या डाव्या कानाआड बसवलं आणि नळी आत सरकवली.

साहेब दचकले. खुर्ची करकरली, ती त्यांना ऐकू आली. बाहेर कुणीतरी शिंकलं, तेही ऐकू आलं. ते बाईसाहेबांकडे वळले.

"तुझा आवाज बसलाय का गं?"

"बसलेला नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "असाच झालाय तो. बरेच दिवस झाले."

कानवाल्यानं माझं बटण दाखवलं. एकदा दाबलं की आवाज कमी, दाबून धरलं की बंद. "आंघोळीला काढायचं, झोपताना काढायचं. आणि फार गोंगाट असेल तर घटकाभर बंद ठेवलं तरी चालेल," असं तो अगदी भल्या मनानं म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर ते शेवटचं वाक्य गिळून टाकलं असतं.

न्यायालयातला पहिला दिवस मला चांगला आठवतो. ते दालन म्हणजे आवाजांचं कडबोळं होतं. डोक्यावर पंख्याची घरघर, बाकांची कुरकुर, कागदांची सळसळ, दाराशी नावांचा पुकारा. साहेब उंच जागेवर बसले, समोरची माणसं उठून पुन्हा बसली. तेवढ्यात पुढच्या बाकावरची कुजबुज मी नेमकी उचलली. काय करणार, माझं कामच ते.

"आज स्वारी खुशीत दिसतेय."

"खुशीत असो की नसो, यांच्यापुढे बाईची बाजू मांडायची म्हणजे दगडावर डोकं आपटायचं."

"बाई कामाला जाणारी असली तर विचारायलाच नको."

दोघं वकील हळूच हसले. कानामागची शीर टणटण उडायला लागली. इतकी वर्षं लोक त्यांच्या पाठीमागे काय बोलतात, ते साहेबांना कधी ऐकूच आलं नव्हतं. आता पाठ आणि पुढा एकच झाला.

मला वाटलं, माणूस शहाणा असेल तर यावर विचार करील. साहेबांनी विचार केला नाही, संशय धरला. कोण काय बोलतं, कोण कुणाच्या कानाला लागतं, चेंबरबाहेर कोण थांबतं. घरी जेवताना ते बाईसाहेबांना सांगायचे, "ते सगळे माझ्यावर टपलेले आहेत." बाईसाहेब विचारायच्या, "पण ते म्हणतात त्यात काही तथ्य आहे का?" आणि तेव्हा पहिल्यांदा बोट वर आलं. केस मागे सारल्यासारखं केलं, माझ्यावर टेकलं आणि दाबून धरलं.

टिर्रिंग! बंद होताना मी एवढाच आवाज करतो, आणि तो फक्त कानाच्या मालकाला ऐकू येतो.

बंद होणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. झोपेत निदान स्वप्नं पडतात. इथे मधला तुकडा कापूनच टाकलेला असतो. पुन्हा चालू झालो तेव्हा भांडी आवरली जात होती आणि ती जरा जोरात आवरली जात होती. काय झालं, कोण काय बोललं, मला पत्ता नाही. संशयाचं बी माझ्यात पडलं ते असं.

मग न्यायालयातही बोट वर यायला लागलं. आधी वाटलं, साहेब थकत असतील. मग वाटलं, सेल वाचवत असतील. माणूस तसा काटकसरी. पण हळूहळू मला एक चाल दिसायला लागली. नवऱ्याचे वकील बोलत असले की मी चालू. एखादा बाप घोगऱ्या आवाजात तक्रार सांगत असला तरी मी चालू. बाई बोलायला उभी राहिली, तिचा गळा जरा भरून आला, की टिर्रिंग!

माझ्याकडे अर्ध्या वाक्यांचा ढीग साचला. "साहेब, ते मला पैसे देतात, पण..." "मी घर सोडलं नाही, मला..." "सासूबाई तेव्हा तिथेच होत्या, त्यांनी..." पुढचं वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही आणि साहेबांच्याही आलं नाही. त्यानंतर साहेबांचा भारदस्त आवाज यायचा, "दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं."

ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. बरं, निकाल देताना त्यांचा आवाज कापत नसे, शीरही शांत असे. म्हणजे आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. बायका काय सांगणार ते आपल्याला आधीच ठाऊक आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. मग ऐकायचं कशाला?

अशात त्या नर्सबाईंचा दावा आला.

या बाई एका रुग्णालयात पाळीनं काम करायच्या. नवरा वेगळा राहत होता आणि मुलगी त्याच्याकडे होती. शाळेत नुकतीच जायला लागलेली पोर. मुलगी आपल्याला मिळावी, असा बाईंचा अर्ज होता. नवऱ्यातर्फे बडे वकील उभे होते. आवाज तुपात घोळलेला, साहेबांशी जुनी ओळख. "ज्या आईच्या कामाच्या वेळेचा ठिकाणा नाही," ते म्हणाले, "तिनं मुलीची काळजी घेणार म्हणावं, हे जरा धाडसाचंच आहे, साहेब." साहेबांच्या गळ्यातून 'हं' निघालं. चांगलं, पोटभर 'हं'.

मग नर्सबाईंच्या वकील उठल्या. त्यांना तिथे सगळे नुसतं वकीलबाई म्हणत. वयानं लहान, आवाज सरळ, उगाच गोडवा नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, आईला स्वतः काही सांगायचं आहे."

नर्सबाई बोलायला लागल्या. "साहेब, माझी मुलगी मला भेटली तेव्हा म्हणाली की बाबा संध्याकाळी..."

टिर्रिंग!

पुन्हा जागा झालो तेव्हा साहेब हुकूम सांगत होते. मुलगी वडिलांकडेच राहील. आईनं आठवड्यातून एकदा भेटावं. "वडिलांकडे मुलीची हेळसांड होते, असं दाखवणारं काहीही आईनं या न्यायालयापुढे सांगितलेलं नाही."

"मी सांगितलं!" बाई ओरडल्या. "आत्ताच तर सांगितलं, साहेब! सगळ्यांसमोर सांगितलं!"

"आवाज खाली," साहेब म्हणाले. "हे न्यायालय आहे, तुमचं रुग्णालय नव्हे."

बाकांवरून हसल्याचा आवाज आला नाही. ही शांतता मला खटकली. फक्त वकीलबाईंच्या चपला दाराकडे गेल्या, थांबल्या, आणि तिथून त्यांचा हळू आवाज आला. नर्सबाईंना सांगत होत्या, "रडू नका. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. मला काहीतरी वेगळाच वास येतोय."

तो आवाज मी उचलला, पण साहेब तेव्हा बड्या वकिलांशी बोलत होते. माझ्यासारखाच संशय दुसऱ्या कुणालातरी आला होता.

वकीलबाईंनी फेरविचाराचा अर्ज केला. त्या दिवशी दालन भरलेलं होतं. त्या उठल्या आणि शांतपणे सुरुवात केली, "साहेब, मुलीच्या सुरक्षिततेबद्दल आईनं जे सांगितलं ते पुन्हा मांडते..." बोट आलं. टिर्रिंग!

आणि मी चालू झालो तो एका विचित्र शांततेत. पंखा तेवढा फिरत होता. कुणी खाकरत नव्हतं, कागद हलत नव्हते. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबत होतं, ते नाकातून फुसकन बाहेर आलं.

"माझं म्हणणं संपलं, साहेब," वकीलबाई म्हणाल्या.

"ऐकलं," साहेब म्हणाले. "त्यात नवीन काही नाही. अर्ज फेटाळला."

आता मागून दोघातिघांचं हसू फुटलं. साहेबांची शीर धावायला लागली. काय झालंय ते त्यांना कळेना आणि मलाही कळेना. उठून चेंबरमध्ये गेल्या गेल्या त्यांनी स्टेनोबाईंना विचारलं. या बाई साहेबांच्या तोंडचं टिपून घ्यायच्या. निवृत्तीला आलेल्या, कुणाच्या अध्यातमध्यात न पडणाऱ्या.

"लोक कशाला हसत होते?"

"काही नाही, साहेब."

"काही नाही म्हणजे?"

"माझं लक्ष नव्हतं, साहेब." पेन्सिल मेजावर ठेवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात दार वाजलं आणि बडे वकील आत आले. निकाल लागल्या लागल्या एका बाजूच्या वकिलानं असं चेंबरमध्ये यावं का, हा संशय मला तेव्हाही आला. त्यांना मात्र हसू आवरत नव्हतं.

"कमाल केलीत, साहेब! ती बाई सरळ तोंडानं म्हणते, 'आणि या दालनाच्या छताला आग लागली आहे, सर्वांनी बाहेर पडावं ही नम्र विनंती,' आणि तुम्ही तितक्याच शांतपणे म्हणता, 'हं, नोंद घेतली, पुढे!' मी म्हटलं, याला म्हणतात भाव न देणं. मुद्दामच केलंत ना?"

साहेबांच्या कानाची पाळी गरम झाली, इतकी की मला चटका बसला.

"मुद्दामच," ते शेवटी म्हणाले.

बड्या वकिलांचं हसू तिथेच थांबलं. 'बरं येतो,' म्हणून ते गेले. जाताना त्यांच्या बुटांचा आवाज नेहमीपेक्षा भरभर होता. मला वाटतं, त्यांनाही तेव्हाच कळलं. फक्त ते कळून न कळल्यासारखं करण्यातले होते.

साहेबांनी त्याच दिवशी वकीलबाईंना नोटीस काढली. न्यायालयाचा अवमान केला, थट्टा केली, तुमची सनद रद्द करायची शिफारस का करू नये? वकीलबाई डगमगल्या नाहीत असं लोक सांगतात. मी सांगणार नाही. जिन्यापाशी त्या फोनवर "आई, माझं काम सुटेल बहुतेक," असं म्हणताना मी ऐकलं आहे, आणि तो आवाज रडका होता. पण रडून झाल्यावर त्यांनी वरच्या न्यायालयाकडे तक्रार केली. हे न्यायाधीश एका बाजूचं ऐकतच नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. चौकशी लागली.

मग घराला संशयाची वाळवी लागली. साहेबांना वाटायचं, स्टेनोबाई फितूर आहे. शिपायानं चहा उशिरा आणला तरी त्यात कट दिसायचा. कानवाल्यालाच कुणीतरी विकत घेतलं असावं, असंही एकदा म्हणून झालं. बाईसाहेब फोनवर हळू बोलल्या की साहेब मला मोठा करायचे आणि भिंतीजवळ उभे राहायचे. बायकोवर पाळत ठेवायला मी चालतो, बायकोचं ऐकायला चालत नाही, हे मला झोंबलं.

शेवटी त्यांनी तोडगा काढला. बाईसाहेबांना समोर बसवलं आणि म्हणाले, "हे मशीन बिघडलेलं आहे. आपोआप बंद पडतं. घरीही पडतं. तू चौकशीत एवढंच सांग."

घ्या! करून सवरून नामानिराळे, आणि खापर माझ्या डोक्यावर. मी एकदाही आपोआप बंद पडलो नव्हतो. सेल संपत आला तर आधी दोनदा इशारा देतो, इतका मी नेकीचा.

"आपोआप बंद पडतं?" बाईसाहेबांनी विचारलं.

"हो."

"नेमकं मी बोलताना?"

बाईसाहेब पुढे काहीतरी म्हणाल्या असाव्यात, पण मी सांगू शकत नाही. बोट आलं होतं.

दोनतीन दिवसांनी साहेब घरी आले, तर घरात कुणी नाही. हाका मारल्या. स्वयंपाकघरातून फक्त फ्रीजची घरघर. कपाट उघडल्याचा आवाज आला, आत हँगर एकमेकांवर आपटले. कपाट रिकामं असलं की ते असे आपटतात. साहेबांनी फोन लावला.

"कुठे आहेस तू?"

"बहिणीकडे."

"सांगून तरी जायचं!"

"सांगितलं होतं," बाईसाहेबांचा आवाज शांत होता. "परवा जेवताना सांगितलं. मी काही दिवस ताईकडे राहायला जातेय, मला इथे कोंडल्यासारखं होतं, असं म्हटलं. तुम्ही 'बरं' म्हणालात. वर भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणालात."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. शीर अशी काही उडत होती, की मला वाटलं आता हा माणूस रडणार. रडले नाहीत. मला काढून मेजावर ठेवलं आणि स्वतः बराच वेळ खोलीत येरझारा घातल्या.

साहेबांनी चौकशीला मशीनच्या बिघाडाचं कारण लेखी कळवलं, तेव्हा मला तपासायला हजर करा, असा हुकूम आला. निघायच्या सकाळी साहेबांनी मला तळहातावर घेतलं आणि नळ सोडला. पाण्याचा आवाज इतक्या जवळून मी कधी ऐकला नव्हता. एक थेंब माझ्या पाठीवर उडाला. पाणी आत गेलं की मी संपलो, आणि मग 'मशीन बिघडलेलं' हे अक्षरशः खरं ठरलं असतं. तळहात कलला. मग सरळ झाला. मग पुन्हा कलला.

नळ बंद झाला. साहेबांनी मला रुमालानं पुसलं आणि कानाआड बसवलं. त्यांना माझी दया आली, स्वतःची लाज वाटली, की आजच भिजलेलं मशीन उद्या अंगाशी येईल असा हिशोब केला? मी त्या शिरेला इतका चिकटलेला असूनही मला ते आजवर ठरवता आलेलं नाही.

चौकशीची खोली लहान होती. चौकशी करणाऱ्या वरिष्ठ न्यायाधीश बाई होत्या. त्यांचा आवाज इतका हळू, की सगळ्यांना कान देऊन ऐकावं लागे. मला वाटतं, मुद्दामच. कानवाल्यानं मला तपासलं. खूप दाबदाबी केली, शिट्ट्या वाजवल्या.

"यंत्र ठणठणीत आहे, मॅडम. आपोआप बंद पडायचं काही कारण नाही."

मग स्टेनोबाईंना बोलावलं. मॅडमनी विचारलं, "नर्सबाई बोलल्या, ते तुमच्या टिपणात का नाही?"

"साहेब सांगतात तेवढंच मी घेते, मॅडम."

"आणि त्या बोलत असताना साहेबांनी काय सांगितलं?"

"त्या वेळी साहेब काही सांगत नसत. बायका बोलत असताना मी हात मोकळा करून घ्यायचे. मला वाटायचं, तेवढी विश्रांती."

त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, सवय म्हणून सांगितलं होतं. ते जास्त वाईट होतं.

बाईसाहेबही आल्या होत्या. साहेबांनीच त्यांचं नाव साक्षीदार म्हणून दिलं होतं. "मशीन बिघडलेलं नाही," त्या एवढंच म्हणाल्या. "कधीच नव्हतं."

साहेब उठले. "मॅडम, मी बहिरा आहे. एका अपंग माणसाला त्याच्या व्यंगाबद्दल शिक्षा करणार का तुम्ही?"

"बहिरेपणावर कुणाचाच आक्षेप नाही," मॅडम म्हणाल्या. "माझी आईही यंत्र लावते. पण कान जातो तेव्हा तो माणूस बघून जात नाही. तुमचा जातो. बसा."

मग नर्सबाईंना सांगायला लावलं. "जे तिथे सांगितलं, तेच सांगा."

"माझी मुलगी मला भेटली तेव्हा म्हणाली की बाबा संध्याकाळी..."

आणि बोट वर आलं! मी शपथेवर सांगतो, साहेबांनी ते ठरवून केलं नाही. बाई बोलायला लागली, गळा भरून आला, आणि हात आपला आपण उठला. केस मागे सारले, माझ्यावर टेकला.

"हात खाली घ्या," मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि ऐका."

बोट खाली गेलं.

"...बाबा संध्याकाळी बाहेरून कडी लावून जातात," नर्सबाई म्हणाल्या. "उशिरा येतात. अंधार पडतो. तिचा हात दिव्याच्या बटणापर्यंत पोचत नाही, साहेब. ती दाराच्या फटीपाशी बसून राहते. तिथून जिन्यातला उजेड येतो म्हणून."

असं ते वाक्य होतं. त्यानंतर वकीलबाई काहीतरी म्हणाल्या, मॅडमनी काहीतरी लिहायला सांगितलं. साहेबांना त्यातलं काही कळलं नसावं. त्यांची शीर एकदम मंद झाली होती, खूप धावून थांबलेल्या माणसासारखी.

"मुलगी आता कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तिथेच," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्हीच ठेवलीय ना."

मॅडमनी मुलीची सोय त्याच दिवशी करायला लावली. पुढे दुसऱ्या न्यायाधीशांनी सगळं नव्यानं ऐकलं आणि मुलगी आईकडे आली. बापाला भेटायची मुभा आहे, तीही आईच्या घरी येऊन. वकीलबाईंवरची नोटीस मागे घेतली, पण 'पुन्हा असली थट्टा करू नये' अशी समज दिलीच. आग खोटी होती ना!

साहेबांना सक्तीनं निवृत्त केलं. पण चौकशीचा अहवाल बंद पाकिटात राहिला. बाहेर सांगितलं ते असं, की साहेब प्रकृतीच्या कारणानं निवृत्त होत आहेत. निरोपाला फुलांचा गुच्छ मिळाला. बड्या वकिलांनी भाषण केलं, "कानानं दगा दिला, नाहीतर असा न्यायाधीश पुन्हा होणे नाही." टाळ्या पडल्या. म्हणजे पुन्हा आळ कुणावर, सांगा! आपल्याच माणसाची लाज झाकली की घराचीही झाकली जाते, असा अहवाल झाकणाऱ्या वरिष्ठांचा हिशोब असावा. माझा संशय आहे, खात्री नाही.

साहेबांच्या जुन्या निकालांचं काय, असं वकीलबाईंनी विचारून पाहिलं. ज्यानं त्यानं आपापला अर्ज करावा, असं उत्तर आलं. पण आपलं ऐकलंच गेलं नव्हतं, हे ज्यांना ठाऊकच नाही, त्या अर्ज कशाच्या जोरावर करणार? आपल्याला नीट मांडता आलं नाही, असं म्हणून त्या बायका अजून स्वतःलाच बोल लावत असतील. तुमच्यापैकी कुणी अशी बाई ओळखत असेल, तर तिला माझा एवढा निरोप द्या, की बाई, मांडण्यात तुमचं काही चुकलं नव्हतं.

आता साहेब घरीच असतात. उठल्यापासून झोपेपर्यंत मी चालू. बाईसाहेब बहिणीकडेच राहिल्या. मागच्या आठवड्यात उरलेलं सामान न्यायला आल्या होत्या. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला तसे साहेब खुर्चीतून उठले.

"बस ना जरा. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकतोय."

बाईसाहेब थांबल्या. रागावलेल्या नव्हत्या, राग मला श्वासावरून कळतो.

"आता सांगण्यासारखं काही उरलं नाही हो," त्या म्हणाल्या. "जे होतं, ते सगळं सांगून झालं."

दार हळूच लागलं. चपला जिना उतरत गेल्या. शेवटच्या पायरीपर्यंत साहेबांनी त्या ऐकल्या, माझा आवाज मोठा करून करून ऐकल्या.

सेल नवा घातलाय. मी चालू आहे. घरात कुणी बोलत नाही.